डांबर, सशाचा कान आणि सिगारेट

अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये धुराडी साफ करायला लहान पोरं आत चढवत. काजळी अंगभर बसायची, जांघेच्या घड्यांत साचायची, अंघोळ क्वचितच. पुढे मोठेपणी त्यांच्यातल्या काहींच्या वृषणकोशाच्या कातडीवर चिघळता फोड यायचा. डॉक्टर त्याला गुप्तरोग समजत. हा कॅन्सर आहे आणि तो काजळीमुळे होतो, हे सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाचे सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली लिहून ठेवलं. धुराचा आणि कातडीच्या कॅन्सरचा संबंध नोंदला गेला तो असा, सिगारेटचा कारखाना निघण्याच्या कितीतरी आधी.

पण हा रोग मुद्दाम घडवून दाखवायला आणखी १४० वर्षं गेली. टोकियोत कात्सुसाबुरो यामागिवा आणि कोइची इचिकावा सशांच्या कानांना दगडी कोळशाचं डांबर फासत राहिले. दोन-तीन दिवसांआड एक लेप, असे महिनोन् महिने. आधीच्यांनी हेच करून पाहिलं होतं, पण ते लवकर कंटाळले. १९१५ मध्ये सशांच्या कानांवर खरा कॅन्सर उमटला. (१९२६ चं नोबेल मात्र गेलं कृमींमुळे कॅन्सर होतो म्हणणाऱ्या फिबिगर यांना, तो सिद्धांत पुढे टिकला नाही.) मग १९३३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दोन टन डांबर गाळून त्यातला एक गुन्हेगार, बेंझोपायरिन, वेगळा काढला.

एव्हाना ब्वेनोस आइरेसमध्ये आंखेल रोफो तंबाखूचं डांबर सशांच्या कानांवर लावत होते. गाठी आल्या, पण टीकाकार म्हणाले, तुम्ही तंबाखू फार तापवता, माणूस काही अशी सिगारेट ओढत नाही. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. त्याचं उत्तर अमेरिकेत सेंट लुइसला मिळालं. अर्न्स्ट विंडर, एव्हर्ट्‌स ग्रॅहम आणि अ‍ॅडेल क्रोनिंगर यांनी सिगारेट ओढणारं यंत्रच बसवलं, धुरातलं डांबर अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलं आणि उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर आठवड्यातून तीनदा लावलं. डिसेंबर १९५३ चा निष्कर्ष: ४४ टक्के उंदरांना कॅन्सर. जानेवारी १९५४ मध्ये तंबाखू कंपन्यांनी चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत जाहिरात छापली. तिची सुरुवातच उंदरांवरच्या प्रयोगांपासून होती. धसका कशाचा होता, हे त्यावरून कळतं. ग्रॅहम स्वतः बरीच वर्षं सिगारेट ओढत. १९५७ मध्ये ते फुप्फुसाच्याच कॅन्सरने गेले.

गंमत अशी की हा सगळा खटला फुप्फुसासाठी चालला. उंदराच्या पाठीची साक्ष काढली ती माणसाच्या छातीचा निकाल लावायला. ओढणाऱ्याच्या स्वतःच्या कातडीचं काय, हा प्रश्न बराच मागे राहिला. एक तर तिथे ऊन हा मोठा आरोपी आधीच उभा होता. दुसरं म्हणजे उंदराला डांबर बाहेरून लागलं होतं. माणसाच्या कातडीपर्यंत धुरातली विषं मुख्यतः रक्तावाटे जातात. त्यामुळे तो पुरावा इथे जसाच्या तसा लागू पडत नव्हता, माणसंच तपासावी लागणार होती. २००१ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांना धूम्रपान करणाऱ्यांत त्वचेच्या स्क्वेमस पेशींच्या कॅन्सरची शक्यता दुपटीहून जास्त दिसली. २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र मांडल्यावर आकडा दीडपटीच्या आसपास आला. त्याच कातडीतल्या बेसल पेशींच्या, जास्त आढळणाऱ्या कॅन्सरशी मात्र सिगारेटचा संबंध दिसला नाही.