मद्यगृहातील आयरिश बैठक : एका ‘प्राचीन’ प्रथेचा अर्वाचीन इतिहास

आयर्लंडला जाणाऱ्या प्रवाशाला आज कोणत्याही लहानमोठ्या गावी सायंकाळी एखाद्या मद्यगृहाच्या कोपऱ्यात पाचसात वादक वर्तुळाकार बसलेले आढळतात. फिडल, लाकडी बासरी, टिनची शिटी, काँसर्टिना, क्वचित् कोपराखालच्या भात्यावर चालणारे ‘इलन पाइप्स’ हे नळवाद्य, अशी त्यांची सामग्री असते. रंगमंच नसतो, तिकीट नसते, ध्वनिवर्धक नसतो. एक जण चाल उचलतो, इतर त्यात सामील होतात आणि एका चालीतून दुसरी चाल निघते. या प्रकाराला ‘सेशन’ म्हणतात. त्याला मराठीत ‘बैठक’ म्हणण्यास हरकत नसावी. मात्र आपल्या बैठकीत गाणारा व ऐकणारा असे दोन पक्ष असतात, तर येथे वादक मुख्यतः एकमेकांसाठीच वाजवीत असतात, हा भेद ध्यानात ठेवावयास हवा. ही प्रथा शेकडो वर्षांची आहे, ती केल्टिक संस्कृतीचा अखंड वारसा आहे, असा समज सर्वत्र रूढ आहे आणि प्रवासी-व्यवसायाने तो पोसला आहे. प्रस्तुत लेखात हा समज ऐतिहासिक कसोटीला उतरत नाही हे दाखवावयाचे आहे. बैठकीत वाजणाऱ्या चाली जुन्या आहेत यात शंका नाही; परंतु ती बैठक, म्हणजे मद्यगृहात अनेकांनी मिळून नृत्याविना केलेले सहवादन, ही विसाव्या शतकाच्या मध्याची निर्मिती असून तिची जन्मभूमी बव्हंशी आयर्लंड नव्हे तर लंडन आहे.

प्रथम जुनी स्थिती पाहू. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पहिल्या तिसऱ्या भागात आयरिश खेड्यातील वाद्यसंगीताचे स्थान म्हणजे शेतकऱ्याच्या घरातील स्वयंपाकघर होते. तेथे चुलीजवळ एक फिडलवाला, फार तर दोघे, बसत आणि मोकळ्या केलेल्या फरशीवर शेजारीपाजारी नाचत. उन्हाळ्यात हेच नृत्य चव्हाट्यावर, रस्ते मिळतात त्या जागी होई. लग्न, परदेशी निघालेल्याचा निरोप, पीक घरात आल्याचा आनंद हे त्याचे प्रसंग. संगीत हे नृत्याचे अंग होते आणि वादक हा नाचणाऱ्यांचा सेवक होता. आठ वादकांनी मिळून एकच चाल वाजविण्याचे प्रयोजनच नव्हते. मद्यगृह हे पुरुषांचे पिण्याचे व सौदे करण्याचे ठिकाण होते, आणि तेथील वादन पुष्कळ मालकांना नकोसेच वाटे.

हे स्वयंपाकघर रिकामे झाले त्याला एक कायदा बराच कारणीभूत झाला. आयरिश मुक्त राज्याने १९३५ साली सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदा संमत केला. त्यान्वये सार्वजनिक नृत्यासाठी जिल्हा न्यायालयाचा परवाना आवश्यक ठरला. घरातील खाजगी नृत्य या कायद्याच्या कक्षेत येते की नाही हे कायद्याच्या शब्दांवरून मुळीच स्पष्ट नव्हते. परंतु नृत्यातील अनीतीबद्दल चिंतातुर झालेले धर्मगुरू आणि स्थानिक पोलीस यांनी तो घरांनाही लावला. परिणामी नृत्य परवानाधारक सभागृहात गेले. यांपैकी पुष्कळ सभागृहे धर्मगुरूंच्या देखरेखीखाली होती. मोठ्या सभागृहात एकट्या फिडलचा आवाज पोचेना, म्हणून तेथे बँड आले. खेड्यातील वादकाचे घर गेले आणि कामही गेले. लोकसंगीताच्या ऱ्हासाचे खापर सामान्यतः ‘आधुनिकते’वर फोडले जाते, परंतु येथे शासन आणि धर्मपीठ यांचा हात स्पष्ट दिसतो, आणि तोही राष्ट्रीय संस्कृतीचा घोष करणाऱ्या राज्यात. हा विरोधाभास आयरिश अभ्यासकांनी लपविलेला नाही.

दुसरे कारण स्थलांतराचे. १९५१ ते १९६१ या एका दशकात आयर्लंडमधून निव्वळ चार लाखांहून अधिक माणसे बाहेर पडली. त्यांतील बहुसंख्य ब्रिटनला गेली. युद्धात उद्ध्वस्त झालेली शहरे बांधावयाची होती, रस्ते खोदावयाचे होते, रुग्णालयांना परिचारिका हव्या होत्या. क्लेअर, केरी, स्लायगो, गॉलवे अशा पश्चिमेकडील परगण्यांतील तरुण लंडनच्या कॅम्डन टाउन, केंटिश टाउन, हॉलोवे, क्रिकलवुड या भागांत भाड्याच्या खोल्यांत राहू लागले. घरमालकिणीच्या खोलीत फिडल वाजविणे अशक्य होते. तेव्हा दिवसभराचे श्रम संपल्यावर ऊब, दिवा आणि ओळखीचा चेहरा मिळण्याची जागा एकच, ती म्हणजे मद्यगृह. पुष्कळ ठिकाणी मजुरीही तेथेच वाटली जाई किंवा मजुरीचा धनादेश तेथेच वटवावा लागे. यात मजुराचे किती नुकसान झाले तो स्वतंत्र विषय आहे.

लंडनमधील आयरिश संगीताचे सर्वांत सखोल संशोधन रेज हॉल यांनी केले. ते स्वतः या बैठकींतून वाजविणारे वादक होते. केंटिश टाउनमधील ‘डेव्हनशायर आर्म्स’ या मद्यगृहातील १९४७ ची बैठक ही पहिली ज्ञात बैठक मानली जाते ती त्यांच्या संशोधनाच्या आधारे. ‘पहिली’ या शब्दावर मात्र फार भर देऊ नये. कोणतीही अनौपचारिक गोष्ट पहिल्यांदा घडते तेव्हा तिची नोंद कोणी करीत नाही. १९४७ चे महत्त्व इतकेच की, त्यानंतर अशा जागांची परंपरा सलग दाखविता येते, आणि त्यापूर्वीची आयर्लंडमधील तशी परंपरा दाखविता येत नाही.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. क्लेअरचा वादक आणि स्लायगोचा वादक यांच्या चाली, त्यांचे अलंकार, त्यांची लय ही भिन्न होती. ते एकत्र वाजवू शकले कसे? याचे उत्तर काही अंशी अमेरिकेत सापडते. शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील यांनी १९०३ साली १८५० चालींचा संग्रह प्रसिद्ध केला होता. त्याहूनही प्रभावी ठरल्या त्या न्यूयॉर्कला स्थायिक झालेला स्लायगोचा फिडलवादक मायकेल कोलमन याच्या १९२० नंतरच्या ध्वनिमुद्रिका. त्या आयर्लंडमध्ये परत येऊन घरोघरी पोचल्या आणि परगण्यापरगण्यांच्या सीमा ओलांडून चालींचा एक समान साठा तयार झाला. एका दृष्टीने ही स्थानिक शैलींची हानी होती, आणि तसे म्हणणारेही आहेत. परंतु हा साठा नसता तर लंडनमधील अनोळखी माणसे एकमेकांशेजारी बसून वाजवूच शकली नसती. ज्याला आपण अस्सल स्थानिक संगीत म्हणतो त्यामागे ग्रामोफोन आणि अटलांटिकपलीकडचा कारखाना उभा असतो, हे सांगताना लोकसाहित्याच्या अभ्यासकांना थोडा संकोच वाटतो; तसा तो वाटू नये.

नवागताला ही ठिकाणे सापडत कशी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. इतिहासकाराला मात्र तो मार्गदर्शक आहे. ब्रिटनमधील आयरिश समाजाचे ‘आयरिश पोस्ट’ हे साप्ताहिक १९७० साली निघाले. त्यापूर्वीच्या काळात अशा बैठकींची जाहिरात सहसा नसे. रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या दाराशी, बांधकामावर, भल्या पहाटे मजूर नेणाऱ्या गाड्यांची वाट पाहताना, खाणावळीत, असे तोंडोतोंडीच हे वृत्त फिरे. त्यामुळे जागा बदलल्या की कागदोपत्री काहीच उरत नसे. मालक बदलला, शेजाऱ्याने तक्रार केली, परवान्याची अडचण आली, की मंडळी दुसऱ्या मद्यगृहात जात. या स्थलांतराचा नकाशा आज काढावयाचा तर वादकांच्या आठवणी आणि काही ध्वनिमुद्रणे यांवाचून साधन नाही.

त्यांतील एक ध्वनिमुद्रिका विशेष उल्लेखनीय आहे. हॉलोवेतील ‘द फेव्हरिट’ या मद्यगृहात रविवारी दुपारी बैठक भरे. तेथील वादनाची ‘पॅडी इन द स्मोक’ ही तबकडी टॉपिक कंपनीने १९६८ साली काढली. ‘स्मोक’ म्हणजे धूर. लंडनला मजुरांच्या बोलीतील ते नाव. क्लेअरचे बॉबी केसी, गॉलवेचे मार्टिन बर्न्स, केरीच्या जूलिया क्लिफर्ड आणि कॉन कर्टिन, गॉलवेच्याच लूसी फार ही मंडळी तीत आहेत. ही नावे वाचतानाच लक्षात येते की, जे परगणे मायदेशी एकमेकांना फारसे भेटले नसते ते येथे एका बाकावर बसले आहेत.

स्त्रियांची उपस्थितीही दुर्लक्षणीय नाही. लूसी फार परिचारिकेच्या शिक्षणासाठी इंग्लंडला आल्या. जूलिया क्लिफर्ड यांना केरीचे प्रसिद्ध गुरू पॉड्रिग ओकीफ यांची तालीम होती. कॅम्डन टाउनमधील ‘बेडफर्ड आर्म्स’ मध्ये १९५० नंतरच्या दशकात स्लायगोचे फिडलवादक मायकेल गॉर्मन यांच्यासमवेत मार्गारेट बॅरी बँजो वाजवून गात असत. कॉर्कमध्ये जन्मलेल्या या बाईंनी आयर्लंडच्या जत्रांतून आणि रस्त्यांवर गाऊन उदरनिर्वाह केला होता. खेड्यातील मद्यगृहात ज्या स्त्रीला प्रतिष्ठितपणे बसता आले नसते ती लंडनमधील मद्यगृहाची मुख्य गायिका झाली. परदेशाने बंधने सैल केली ती अशी. अर्थात् याचा अर्थ त्यांना बरोबरीचा मोबदला वा मान मिळाला असा कोणी घेऊ नये.

मराठी वाचकाला येथे मुंबईच्या गिरणगावाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. कोकणातून आलेला चाकरमानी गावकीच्या गाळ्यात राही, खाणावळीत जेवी, आणि रात्री भजनी मंडळात टाळ घेऊन बसे. डबलबारीचे सामने व शक्ती-तुऱ्याचे कार्यक्रम गावाइतकेच, किंबहुना अधिक जोमाने, मुंबईत रंगले. साम्य उघड आहे. परंतु दोन भेद त्याहून बोधक आहेत. मुंबईचा गाळा गावागावाचा असल्यामुळे तेथे गावपण टिकले. लंडनच्या मद्यगृहाने परगण्यांची सरमिसळ केली आणि त्यातून एक नवे, सर्व-आयरिश असे संगीतव्यवहाराचे रूप निघाले. दुसरे असे की, भजनाला देवाचा आधार होता आणि कोणाच्या धंद्याचे त्यात हित नव्हते. आयरिश बैठक मात्र मद्यगृहाच्या मालकाच्या मर्जीवर जगली. ज्या दिवशी विक्री कमी, त्या दिवशी संगीत बंद. या परावलंबित्वाचा विचार प्रथेचे गुणगान करताना सहसा केला जात नाही.

कायद्याची कथा याच परावलंबित्वाची दुसरी बाजू आहे. लंडन व त्याच्या आसपास वीस मैलांपर्यंत संगीत-नृत्याच्या जागेला परवाना हवा, हे तत्त्व १७५१ च्या कायद्यापासूनचे. १९६१ च्या मद्यपरवाना कायद्याने मद्यगृहांना एक सूट दिली. वादक वा गायक दोहोंपेक्षा अधिक नसतील तर वेगळा परवाना नको. ही ‘दोघांची’ अट १९६४ च्या कायद्यातही राहिली. बैठकीला ती मारक होती. तिसरा माणूस शिटी काढून बसला की कायदा मोडला. प्रत्यक्षात किती ठिकाणी डोळेझाक होत असेल याची कल्पना करता येते, परंतु जिची सुरक्षितता केवळ डोळेझाकीवर अवलंबून आहे अशी प्रथा पोलिसांच्या दप्तरात तरी सापडेल अशी आशा इतिहासकाराने करू नये. २००३ च्या कायद्याने ही सूट रद्द केली आणि दोघांनाही परवाना आवश्यक केला. त्यावर बराच गदारोळ झाल्यानंतर २०१२ च्या प्रत्यक्ष-संगीत कायद्याने मद्यविक्रीचा परवाना असलेल्या व चालू असलेल्या जागी सकाळी आठ ते रात्री अकरापर्यंत ध्वनिवर्धकाविना केलेल्या संगीताला सामान्यतः परवान्यातून मुक्त केले. विजेविना वाजणाऱ्या वाद्याला कायद्याने स्वतंत्र ओळख दिली ती अशी, बैठक रूढ होऊन सहा दशके उलटल्यावर.

आता बैठक आयर्लंडला कशी गेली ते थोडक्यात पाहू. १९५१ साली मलिंगार येथे संगीतकारांची ‘कोल्टस’ ही संस्था स्थापन होऊन तिचा पहिला वार्षिक मेळा भरला. या मेळ्यांत स्पर्धा सभागृहात होत, परंतु गर्दी जमे ती रस्त्यांवर आणि मद्यगृहांत. सुट्टीत वा कायमचे परतलेले लंडनकर तेथे आपली नवी सवय घेऊन आले. क्लेअरच्या मिलटाउन मॉलबे गावचे पाइपवादक विली क्लॅन्सी काही वर्षे लंडनमध्ये सुतारकाम करून १९५७ साली घरी परतले. त्यांचे सहकारी बॉबी केसी इंग्लंडमध्येच राहिले. १९६० नंतरच्या दशकात डब्लिनच्या ‘ओडोनहूज’ मधील बैठकी प्रसिद्ध झाल्या आणि मग प्रवाशांची रीघ लागली. क्लॅन्सी १९७३ च्या आरंभी वारले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांच्या नावाने त्यांच्या गावी संगीतशाळा सुरू झाली. दर वर्षी जुलैत सकाळी वर्ग संपले की विद्यार्थी तेथील मद्यगृहांत वाजवावयास बसतात.