ख्रिस्ती संन्यास
जगात राहूनच जगाच्या मोहांपासून अलिप्त राहण्याचे व्रत. योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय १७) येशू शिष्यांसाठी प्रार्थना करतो ती त्यांना जगातून काढून घ्यावे अशी नव्हे, तर दुष्टापासून राखावे अशी; या व्रताचे मूळ तिथे आहे. मराठीत त्याचे सर्वांत तेजस्वी उदाहरण म्हणजे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९). बाप्तिस्मा १८९५ चा, मुंबईत. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनच्या पगारावर पाणी सोडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभारला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान होते, आणि टिळकांचे मोठे धाडस पगार सोडण्यापेक्षाही यात दिसते. दोनच वर्षांत त्यांचे निधन झाले.