टिनावरचे धोंडे
१७. अचलपूर-परतवाड्याकडे उन्हाळी वादळाच्या धास्तीने टिनावर धोंडे ठेवतात. लोकांचा त्यावर भरवसा असला तरी तो खोटा आहे. वारा छपरावरून वेगाने जाताना पत्रा वर ओढला जातो, उघड्या दारातून शिरलेली हवा आतून रेटा देते, आणि पत्रा उडाला की धोंडेच जिवावर येतात. पत्रा कैचीला व कैची भिंतीला बोल्टने जखडणे हाच उपाय; कडा-कोपरे आधी, कारण ओढ तिथे सर्वाधिक. अमेरिकेतल्या फ्लोरिडात अशा जोडण्या तपासणीत मजबूत ठरल्या, तर घरविम्याच्या हप्त्यात सूट देणे विमा कंपन्यांवर कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ विम्यात वादळाचे नुकसान धरलेले आहे. बोल्ट पाहून हप्ता घटवण्याची रीत मात्र रुजलेली नाही. विमा नसेल तर तलाठ्याचा पंचनामा: पक्क्या घराची किमान १५ टक्के पडझड झाल्यास आपत्ती निधीच्या २०२२-२६ च्या निकषांनुसार ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,०००. — संपा.