बेरजेची थोरली बहीण

१९५६ साली मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला ठरली आणि नागपूरच्या कचेऱ्यांमागोमाग कितीतरी मराठी कुटुंबं तिकडे गेली. त्यांची मुलं शाळेत ‘जोड़’ करू लागली. घरी मात्र ‘बेरीज’च राहिली. शेजारच्या हिंदीचं जोडण्यावर भागलं, मग मराठीने हा फारसी वळणाचा शब्द का धरला? माझ्या मते उत्तर दुकानदाराच्या वह्यांच्या क्रमात आहे.

भोपाळच्या चौक बाजारातला छोटा दुकानदार स्वतः हिशेब ठेवतो, तेव्हा दिवसाची देवघेव आधी रोकडबहीत लिहितो, तिथून ती ज्याच्या त्याच्या खात्यात उतरवतो आणि शेवटी साऱ्या खात्यांचा मेळ घालतो. मराठीत हीच रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज. आपल्याकडे कॉमर्सची मुलं आजही तेरीज शिकतात.

आता इ. स. ९७७च्या सुमाराचा, बुखाऱ्याच्या सामानी दरबारासाठी लिहिलेला ‘मफातीह अल-उलूम’ हा अरबी ग्रंथ घ्या. कर्ता अल-ख्वारिझ्मी; बीजगणितवाला नव्हे, त्याच्यानंतरचा. दफ्तरी शब्दांच्या प्रकरणात तो रोजनामज, अवारज आणि तारीज समजावून सांगतो. रोजनामज म्हणजे दिवसाची वही. अवारज म्हणजे ‘उतरवलेलं’, कारण मूळ पटावरून एकेका माणसाचं देणं त्यात उतरवायचं आणि तो फेडील तसतसं खाली मांडायचं. ही सरळसरळ खतावणी आहे! हा अवारजा पुढे सूरदासांच्या एका पदातही भेटतो.

तारीजपाशी तो स्वतःच अडतो. लोक याला फारसी मानून ‘व्यवस्था’ असा अर्थ लावतात, पण आपल्याला तो अवारजवरूनच घडलेला वाटतो, असं तो म्हणतो. कारण तारजेतही रकमा ओळीने लावतात, म्हणजे त्यांची गोळाबेरीज सोपी होते. मी त्याच्या बाजूचा. ‘व्यवस्था’ कुठल्याही कागदाला लागू पडेल. खात्यावरून निघालेला कागद मात्र तारीजच. तीच आपली तेरीज.

आणि बेरीज? तिला फारसी ‘रेख्तन’, म्हणजे ओतणे, या धातूशी जोडता येतं: सगळं एकात ओतलेलं. अर्थ गोड आहे, तरी मला तो मागाहून बसवलेला वाटतो. जुन्या महसुली कागदांत बेरीज म्हणजे गावाच्या किंवा परगण्याच्या वसुलीचा एकूण आकडा, म्हणजे तेरजेच्या तळाशी येणारी रक्कम. एकाच कागदावर नांदणारे हे दोन शब्द कारकुनाच्या तोंडी जुळ्यासारखे घडले, असं माझं ठाम मत आहे. बेरजेतला ज दंत्य आहे, म्हणून मूळ ‘रेख्तन’च्या ‘रीझ’ या रूपातला फारसी झ असणार, हा आक्षेप वजनदार. पण शब्दाच्या शेवटी मराठी ज बहुधा दंत्यच होतो. आज, लाज, बीज म्हणून पाहा.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आय, व्यय आणि नीवी, म्हणजे शिल्लक, आहेत. मग हे सारं देशीच का नाही, असं कुणी म्हणेल. कला देशी असेलही, पण नावं दफ्तरातून आली. सोळाव्या शतकात विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने जमाखर्च फारसीऐवजी देशी भाषेत ठेवायला लावला, असं इतिहासकार फिरिश्ता लिहितो. भाषा बदलली, लेखण्या मराठी माणसांच्या हाती आल्या, पण रकान्यांवरचे मथळे तसेच राहिले. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरी जमा, खर्च, बाकी, बेरीज हलले नाहीत. उत्तरेत फारसी दफ्तर पुढेही शतकानुशतकं टिकलं, भोपाळच्या नवाबीतही. त्यामुळे तिथले दफ्तरी शब्द कचेरीतच राहिले आणि बाजाराने ‘जोड़’ राखला, असं मी मानतो.

अल-ख्वारिझ्मीच्या यादीत ‘खत्मा’ही आहे. सरकारी सराफाने महिन्याची वसुली, खर्च आणि शिल्लक लिहून वर पाठवायचं पत्रक. जणू त्याने महिना बंद होतो. जीएसटीचं ३-बी भरणाऱ्या चौकातल्या दुकानदाराला ते ओळखीचं वाटेल. फरक इतकाच, की खत्मा सरकारचा माणूस लिहायचा आणि हे पत्रक दुकानदाराला स्वतः भरावं लागतं.