बुद्धिबळात किती ओपनिंग शिकायच्या? तीन पुरतात, पण एकमेकींशी जुळणाऱ्या

ऑनलाइन डावात पहिल्या आठ चाली तुम्ही व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे बिनचूक खेळता. नवव्या चालीला समोरचा व्हिडिओत नसलेलंच काहीतरी करतो. दहा मिनिटांच्या डावातली तीन मिनिटं तिथेच जातात आणि डावही जातो. मग वाटतं, ही ओपनिंगच वाईट. पुन्हा नवी ओपनिंग, नवा व्हिडिओ. साधारण १२०० ते १६०० रेटिंगचे अनेक खेळाडू याच चक्रात अडकतात.

यातून बाहेर पडायचं तर पाठांतर वाढवून उपयोग नाही. कमी ओपनिंग निवडायच्या, आणि त्या अशा निवडायच्या की एकीत शिकलेलं दुसरीत कामाला येईल.

नेमक्या किती लागतात?

तीन. पांढऱ्या मोहऱ्यांनी एक, आणि काळ्या मोहऱ्यांनी ई४ ला एक उत्तर, डी४ ला एक उत्तर.

पांढऱ्याने ई४ खेळायचं ठरवलं तर सिसिलियन, फ्रेंच, कारो-कान, स्कँडिनेव्हियन आणि सरळ ई५ अशा प्रत्येक उत्तरासाठी वेगळी तयारी लागते. नोकरी किंवा अभ्यास सांभाळून खेळणाऱ्यासाठी हे जड जातं. म्हणून एक सोपा संच असा: पांढऱ्याने लंडन सिस्टिम, ई४ विरुद्ध कारो-कान आणि डी४ विरुद्ध स्लाव्ह.

हे तीनच का?

तिन्हींत एकच सूत्र आहे: आधी उंट बाहेर, मग ई-प्यादं एक घर पुढे. ई-प्यादं आधी सरकवलं तर वजिराच्या बाजूचा उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडला जातो.

पांढरा: लंडन

१. डी४ डी५ २. उंट एफ४ घोडा एफ६ ३. ई३ सी५ ४. सी३. सी३, डी४ आणि ई३ या प्याद्यांचा भक्कम त्रिकोण तयार होतो. पुढे घोडे डी२ आणि एफ३ वर, उंट डी३ वर, मग घोडा ई५ वर आणि राजाच्या बाजूने हल्ला.

काळ्याने वजीर बी६ वर आणून बी२ च्या प्याद्यावर डोळा ठेवला, तर बहुतेक वेळा आपला वजीर बी३ वर आणून उत्तर देता येतं. समोरच्याने जी६ खेळून उंट जी७ वर ठेवला, तर एच३ खेळून ठेवा. म्हणजे घोडा एच५ वर येऊन एफ४ च्या उंटावर चालून आला, तरी उंटाला एच२ वर माघार घेता येते.

ई४ विरुद्ध: कारो-कान

१. ई४ सी६ २. डी४ डी५. इथून तीन मुख्य वाटा:

• ३. ई५ खेळलं, तर उंट एफ५, मग ई६.
• ३. घोडा सी३ खेळलं, तर डी-प्याद्याने ई४ वर मारा. घोड्याने परत मारलं की उंट एफ५. घोडा जी३ वर आला की उंट जी६. पांढऱ्याने एच४ खेळलं, तर लगेच एच६ खेळा. विसरलात तर एच५ येतं आणि उंट अडकतो.
• ३. डी५ वर मारामारी झाली, तर सी-प्याद्याने परत मारा.

डी४ विरुद्ध: स्लाव्ह

१. डी४ डी५ २. सी४ सी६ ३. घोडा एफ३ घोडा एफ६ ४. घोडा सी३. इथे मात्र सूत्र डोळे झाकून वापरू नका. लगेच उंट एफ५ खेळलं, तर पांढरा डी५ वर मारामारी करून वजीर बी३ वर आणतो. उंट निघून गेल्यामुळे बी७ चं प्यादं उघडं पडलेलं असतं आणि डी५ वरही दाब येतो. म्हणून आधी डी-प्याद्याने सी४ वर मारा. बी५ खेळून काळ्याने ते प्यादं राखू नये म्हणून पांढरा सहसा ए४ खेळतो. आता उंट एफ५.

एकीचा अभ्यास दुसरीत कसा कामाला येतो?

कारो-कानमध्ये डी५ वर मारामारी झाली की पांढऱ्याकडे सहसा सी३-डी४ आणि काळ्याकडे डी५-ई६ अशी प्यादी उरतात. लंडनमध्ये काळ्याने सी-प्याद्याने डी४ वर मारलं आणि आपण ई-प्याद्याने परत मारलं, तरी नेमकी हीच रचना येते. फरक इतकाच की एकदा तुम्ही काळ्याच्या बाजूला असता, एकदा पांढऱ्याच्या. पांढऱ्याचं लक्ष ई५ या घराकडे असतं. काळा बी-प्यादं बी४ पर्यंत ढकलून सी३ वर दबाव आणतो. एकच रचना दोन्ही बाजूंनी खेळल्यावर समोरचा काय करू पाहतोय, ते आधीच दिसू लागतं.

२०२३ मध्ये अस्ताना इथे झालेल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत सहाव्या डावात डिंग लिरेनने इयान नेपोम्नियाचीविरुद्ध लंडन खेळली. डावात हीच रचना आली, डिंगचा घोडा ई५ वर पोहोचला आणि डाव जिंकून त्याने ३-३ अशी बरोबरी साधली. पुढे जगज्जेताही तोच ठरला. हा डाव एकदा पटावर मांडून बघाच.

संच पक्का कसा करायचा?

वही चालेल किंवा लिचेसवरची मोफत ‘स्टडी’. प्रत्येक डावानंतर एकच गोष्ट शोधा: तयारी नेमकी कोणत्या चालीला संपली? तिथे काय खेळायला हवं होतं, ती एक चाल आणि तिचं कारण एका ओळीत लिहा. कारण लिहिता येत नसेल, तर ती चाल अजून समजलेली नाही.

पन्नासेक डाव होईपर्यंत संच बदलू नका. पुढे लंडन कंटाळवाणी वाटली, तर खुशाल ई४ कडे वळा. शिकणाऱ्या मुलांना तर अनेक प्रशिक्षक मोकळ्या पटाचा सराव व्हावा म्हणून ई४-ई५ च देतात. पण या पातळीवर बरेचसे डाव ओपनिंगमध्ये नाही, तर फुकट गेलेल्या मोहऱ्यांमुळे हरले जातात. ओपनिंगवरचा वाचलेला वेळ कोडी सोडवण्यात आणि अंतिम पर्वाच्या सरावात घालवा. छोट्या संचाचा खरा फायदा तोच आहे.