कोऱ्या आकाशाचे कोडे

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात सूरजागडचे डोंगर आहेत. पोटात लोहखनिज, अंगावर दाट जंगल. पावसाळ्यात तेथे घटकेत ढग, घटकेत ऊन. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. समजा, त्या काळी एखादा छायाचित्रकार सूरजागडला पोचला असता, तर त्याच्या चित्रात हे ढग दिसले असते का? बहुधा नाही.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने कोलोडियनची ओली काच प्रचारात आणली. थर ओला असतानाच चित्र घेऊन धुवावे लागे. म्हणून अंधारा तंबू बरोबर न्यायचा. हा थर मुख्यतः निळ्या व अतिनील प्रकाशालाच दाद देई. हिरवी झाडी, तांबडी माती काळवंडे. झाडी उमटेपर्यंत थांबावे, तर निळे आकाश आणि पांढरे ढग एकसारखेच पांढरे होत. गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास काही चित्रांत समुद्र व आकाश वेगवेगळ्या काचांवर घेऊन एकत्र छापले. १८७३ मध्ये हेर्मान फोगेलने रंगद्रव्याच्या साहाय्याने थराला हिरवा प्रकाशही टिपायला लावले. १९०६ मध्ये सर्व रंग टिपणाऱ्या काचा विक्रीस आल्या. मग भिंगापुढे पिवळी काच धरून ढगांना चौकटीत मानाची जागा देता आली.

तेव्हा जुन्या चित्रातील कोरे आकाश हा निरभ्र हवेचा पुरावा नव्हे, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. सूरजागडला २०१६ मध्ये खाणकाम सुरू झाले, थांबले आणि २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले. तेथे आता ढगांबरोबर डोंगरही बदलतो आहे. म्हणून आज चित्र घेताना जागा, दिशा, तारीख, वेळ आणि हवा यांची नोंद करावी. उद्याच्या इतिहासाला तीच उपयोगी पडेल.