प्रसूतिवेदनाशमन

प्रसूतीच्या वेदना कमी करण्यासाठी योजण्यात येणारे उपाय. त्यांचा आधुनिक इतिहास १८४७ मध्ये सुरू होतो. एडिंबरो येथील प्रसूतितज्ञ जेम्स यंग सिंप्सन (१८११–७०) यांनी त्या वर्षी जानेवारीत ईथर व नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म यांचा प्रसूतीत उपयोग केला. स्त्रीने वेदना सोसूनच प्रसवावे, या अर्थाचे बायबलमधील वचन विरोधकांनी पुढे केले. तथापि खरा विरोध वैद्यकीय व्यवसायातूनच झाला. नैसर्गिक क्रियेत हस्तक्षेप केल्यास माता व अर्भक या दोघांनाही धोका संभवतो, असा हा आक्षेप होता. ७ एप्रिल १८५३ रोजी जॉन स्नो यांनी व्हिक्टोरिया राणीला प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म दिला. घडी केलेल्या रुमालावरून अल्प मात्रेत सु. ५३ मिनिटे तो देण्यात आला व राणीची शुद्ध हरपली नाही. त्यानंतर या उपायाला प्रतिष्ठा लाभली.

वैद्यांचा आक्षेप मात्र अगदीच निराधार नव्हता, हे पुढे दिसून आले. जर्मनीतील फ्रायबुर्ख येथे गाउस व क्रोनिख यांनी १९०६ च्या सुमारास मॉर्फीन व स्कोपोलामीन यांच्या अंतःक्षेपणाने आणावयाची ‘संधिनिद्रा’ प्रचारात आणली. तीत वेदना फारशा कमी होत नसत. त्यांची आठवण तेवढी पुसली जाई. स्त्री ओरडे, हातपाय झाडी, पण जागी झाल्यावर तिला काही स्मरत नसे. १९१४ मध्ये अमेरिकेतील स्त्रियांनी हा उपाय उपलब्ध व्हावा म्हणून संघटना काढली. वेदनामुक्तीची मागणी येथे स्त्रियांनीच केली, हे महत्त्वाचे होय. त्याची किंमत मात्र अर्भकाला मोजावी लागे. मॉर्फीन वारेतून गर्भात उतरत असल्याने मूल सुस्त जन्मे, क्वचित त्याचे श्वसनही मंदावे. आणि मातेला भान येईपर्यंत ते परिचारिकेच्या हाती राही. अमेरिकन शुद्धिहरणतज्ञ व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गुणांकन पद्धतीने प्रसूतिगृहाचे लक्ष नवजाताच्या हृदयस्पंदनाकडे, श्वसनाकडे व त्वचेच्या रंगाकडे वळविले.

ब्रिटिश वैद्य ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ पासून औषधाऐवजी पूर्वतयारीवर भर दिला. भीतीमुळे स्नायू ताठरतात व त्यामुळे वेदना वाढतात, अशी त्यांची उपपत्ती होती. ती अनेकींना उपकारक ठरली, परंतु तिच्या अतिरेकी पुरस्कारामुळे औषध मागणारी स्त्री दुबळी ठरू लागली, हेही नमूद केले पाहिजे.

स्तनपानाचा प्रश्न यात उशिराच आला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील ७२ अर्भकांच्या पाहणीत, मातेला पेथिडीन दिलेली अनेक अर्भके गुंगीत असून स्तन नीट चोखत नाहीत, असे आढळले. वजन वगैरे करण्यासाठी मातेजवळून लवकर उचलल्यानेही पहिले स्तनपान बिघडत होते. म्हणजे दोष केवळ औषधाचा नव्हता. अल्पमात्रेच्या एपिड्यूरल पद्धतीत माता जागी राहते. तिचा स्तनपानावर कितपत परिणाम होतो याविषयी तज्ञांत एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या शिफारशीप्रमाणे जन्मानंतर तासाभरात अर्भकाला अंगाशी घेऊन चीक पाजणे इष्ट असते. त्यामुळे कोणते औषध, केव्हा व किती मात्रेत घ्यावयाचे, याची चर्चा कळा सुरू होण्यापूर्वीच गर्भवतीशी करण्यात येते.